तिची जागा तिच्यासाठी ठेवली होती



एरवी आम्ही इथे बचत, कर्ज, परतफेड, शेळीपालन असं काहीतरी घेऊन येतो. आज मात्र टेनिस खेळणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगणार आहोत, आणि ती बाई आहे स्पेन देशाची. हसू नका. शेवटपर्यंत ऐका, मग सांगा आपल्या कामाची आहे की नाही ते.

ही गोष्ट आम्हाला का आठवली, ते आधी सांगतो. आमच्या एका गटात हिशेब लिहिणारी एक ताई आहे. पाच वर्षं तिनं वही सांभाळली. मग ती आजारी पडली. ऑपरेशन, औषधं, शहरातल्या फेऱ्या यात आठ महिने गेले. बरी होऊन आली, ती थेट बैठकीत आली आणि पासबुक सतरंजीवर ठेवून म्हणाली, "माझं नाव कमी करा. चौतीस बैठका चुकल्या, दहा रुपयांप्रमाणे तीनशे चाळीस रुपये दंड झालाय, तो कापून घ्या आणि उरलेली बचत द्या. तसंही वर्षभरात मी लेकाकडे राहायला जाणार. मग आता थोड्या दिवसांसाठी कशाला परत यायचं?"

कोणाला काही बोलायला सुचेना. नियम तर आपणच केलेले. तेव्हा आमच्यातल्या एकीला कार्ला आठवली. तिची मुलगी टेनिसचे सामने बघते, तिच्याकडून तिला ही गोष्ट कळली होती. त्या बैठकीत तिनं ती जशी सांगितली, तशीच आज तुम्हाला सांगतो.

बेटावरची मुलगी

तिचं नाव कार्ला सुआरेझ नावारो. जन्म ३ सप्टेंबर १९८८. गाव लास पाल्मास, ग्रान कनारिया नावाच्या बेटावर. हे बेट स्पेनचं खरं, पण आहे अटलांटिक महासागरात, आणि स्पेनच्या मुख्य भूमीपेक्षा त्याला आफ्रिकेचा किनारा जवळ. ज्वालामुखीतून वर आलेली ही बेटं, केळी आणि टोमॅटो पिकवणारी.

बेटावर राहून मोठ्या स्पर्धा खेळता येत नाहीत. चांगला सराव, चांगले जोडीदार, चांगले प्रशिक्षक हवेत तर समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर जावं लागतं. कार्लाही तरुण वयात बार्सिलोनाला गेली. शिकायला किंवा कामाला घर सोडून परक्या गावात राहिलेल्या आपल्या मुलींना हे वेगळं सांगायला नको.

कार्लाची उंची साधारण पाच फूट चार इंच, म्हणजे १६२ सेंटिमीटर. आपल्याकडे ही उंची चांगली म्हणतील, पण टेनिसमध्ये सहा फुटी बायका खेळतात. उंच बाईचा पहिला फटका वरून येतो आणि जोरात येतो. त्या जोराला जोरानं उत्तर देणं कार्लाला शक्य नव्हतं. तिची ताकद दुसरीकडे होती. उजव्या हातानं खेळणाऱ्या बाईच्या डाव्या बाजूला चेंडू आला, की बहुतेक जणी रॅकेट दोन्ही हातांनी धरून मारतात. कार्ला तो फटका एकाच हातानं मारायची. दोन हात लावले की आधार मिळतो. एका हातानं मारायचं तर पाय वेळेवर पोहोचले पाहिजेत आणि चेंडू नेमक्या जागी गाठला पाहिजे. बायकांमध्ये असा फटका मारणाऱ्या फार कमी उरल्या होत्या. कार्लाचा तो फटका बघायला लोक मुद्दाम थांबायचे.

खेळ थोडक्यात

पुढचं समजायला खेळाचे दोन-चार नियम माहीत हवेत. मैदानाच्या मध्ये जाळी असते. चेंडू आपल्या बाजूला आला की जास्तीत जास्त एक टप्पा पडू द्यायचा आणि परत पलीकडे मारायचा. ज्याला जमलं नाही, त्याचा गुण गेला. गुण मोजायची पद्धत गमतीची आहे: १५, मग ३०, मग ४०, आणि त्यानंतर गेम. सहा गेम जिंकले आणि समोरचीपेक्षा दोन जास्त असले, की एक सेट. दोघी सहा-सहावर अडल्या तर टायब्रेक नावाचा जादा गेम होतो. बायकांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जिंकेल ती जिंकली. म्हणून कोणी ६-०, ६-० असा हरला म्हटलं, तर समजायचं की त्याला एकही गेम मिळाला नाही.

दुसरी गोष्ट रँकिंगची. गेल्या बावन्न आठवड्यांत कोण कुठल्या स्पर्धेत किती पुढे गेली, त्यावर गुण मिळतात आणि जगभरातल्या खेळाडूंची यादी लागते. वर्ष उलटलं की जुने गुण गळून पडतात. म्हणजे वर्षभर घरी बसलात तर तुमचं नाव यादीतून जवळपास पुसलं जातं.

आणि तिसरी गोष्ट पैशाची. टेनिस खेळणारीला महिन्याचा पगार नसतो. खेळली तर पैसे, जिंकली तर जास्त पैसे. प्रशिक्षकाचा पगार, प्रवास, राहणं, हे सगळं त्यातूनच भागवायचं. ज्या आठवड्यात खेळता येत नाही, त्या आठवड्यात बक्षिसाची कमाई नाही. आकडे आपल्यापेक्षा फार मोठे असतील, पण रीत रोजंदारीचीच आहे. हात थांबला की मिळकत थांबली.

पात्रता फेरीतून वर

टेनिसमध्ये वर्षाला चार सर्वांत मोठ्या स्पर्धा असतात: ऑस्ट्रेलियात, पॅरिसला, लंडनच्या विम्बल्डनला आणि अमेरिकेत न्यूयॉर्कला. जगातल्या साधारण पहिल्या शंभरजणींना तिथे थेट प्रवेश मिळतो. बाकीच्यांना आधी पात्रता फेरी खेळावी लागते.

२००८ मध्ये कार्ला १९ वर्षांची होती आणि तिचा क्रमांक होता १३२. पॅरिसच्या स्पर्धेत ती पात्रता फेरी खेळून आत आली. मोठ्या स्पर्धेत खेळायची ही तिची पहिलीच वेळ. तिथे तिनं एकेकाळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या अमेली मोरेस्मोला हरवलं, तेही मोरेस्मोच्याच देशात. मग एकेक करत ती शेवटच्या आठजणींत पोहोचली.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, ऑस्ट्रेलियात तिच्यासमोर व्हीनस विल्यम्स आली. पहिला सेट व्हीनसनं ६-२ असा घेतला. कार्लानं दुसरा घेतला. तिसऱ्या सेटमध्ये एक वेळ अशी आली की व्हीनसला जिंकायला फक्त एक गुण हवा होता. कार्लानं तो गुण वाचवला आणि सेट ७-५ असा जिंकला. त्याही वेळी ती शेवटच्या आठांत गेली.

इथून पुढे ती लवकरच जग जिंकेल असं कोणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

हरलेल्या फायनली

कार्ला फायनलला पोहोचायची आणि हरायची. २००९ मध्ये स्पेनमधल्याच मार्बेया शहरातली फायनल हरली, २०१० मध्ये पुन्हा तिथलीच हरली. मध्ये कोपराचं दुखणं आलं आणि क्रमांक घसरला. २०१३ मध्ये मेक्सिकोत फायनल हरली. त्याच वर्षी पोर्तुगालमध्येही फायनल हरली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचा पंचविसावा वाढदिवस होता आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कला शेवटच्या आठांतला सामना, समोर सेरेना विल्यम्स. कार्ला हरली ६-०, ६-०. एक गेमसुद्धा मिळाला नाही. वाढदिवस, एवढं मोठं मैदान, हजारो माणसं आणि शून्य. असा दिवस ज्यांनी काढलाय, त्यांना त्या रात्री कसं वाटतं ते सांगायला नको.

पण २०१४ मध्ये ती पुन्हा पोर्तुगालला गेली. आदल्या वर्षी जिथे फायनल हरली होती, त्याच स्पर्धेत पुन्हा फायनलला आली आणि या वेळी रशियाच्या स्वेतलाना कुझनेत्सोवाला हरवून तिनं आयुष्यातलं पहिलं विजेतेपद घेतलं. व्यावसायिक खेळात उतरून तिला तोवर दहाएक वर्षं झाली होती.

२०१५ मध्ये मायामी आणि रोम अशा दोन मोठ्या स्पर्धांच्या फायनलला ती गेली आणि दोन्ही हरली. मायामीला पुन्हा समोर सेरेना होती, रोमला मारिया शारापोवा. २०१६ च्या फेब्रुवारीत कतारमधल्या दोहा शहरात ती फायनलला आली. पहिला सेट ६-१ असा गेला. बघणाऱ्यांना वाटलं असेल, झालं, नेहमीचंच. तिनं पुढचे दोन्ही सेट ६-४, ६-४ असे जिंकले. त्यानंतर लागलेल्या यादीत तिचं नाव जगात सहाव्या क्रमांकावर होतं. तिच्या कारकिर्दीतला हा सर्वांत वरचा क्रमांक.

एकेरीत तिची विजेतेपदं मोजली तर दोनच. चार मोठ्या स्पर्धांमध्ये मिळून ती सात वेळा शेवटच्या आठांत गेली आणि एकदाही शेवटच्या चारांत नाही. म्हणून तिचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलं नाही. वर्तमानपत्रात फोटो येतो तो चषक उचलणारीचा. पण जगात सहावी येणं म्हणजे काय, ते गावच्या शर्यतीत पळालेल्या मुलीलाही कळेल. शिवाय वाढदिवसाची ती उधारी पाच वर्षांनी फिटली. २०१८ मध्ये, तिसाव्या वाढदिवसाला, त्याच न्यूयॉर्कमध्ये, रात्रीच्या सामन्यात समोर शारापोवा होती. शारापोवा तिथल्या रात्रीच्या सामन्यांत तोवर कधीच हरली नव्हती. कार्लानं तिला सरळ दोन सेटमध्ये हरवलं.

एक दुवा आपल्याकडचाही आहे. कार्ला तिच्याच देशाच्या गार्बिन्ये मुगुरुसाबरोबर दुहेरी खेळायची. २०१५ च्या शेवटी सिंगापूरला वर्षातल्या सर्वोत्तम जोड्यांची स्पर्धा झाली, तिच्या फायनलला ही जोडी पोहोचली. समोर होती मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादला वाढलेली आपली सानिया मिर्झा, स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिसबरोबर. सानिया-मार्टिना जिंकल्या. म्हणजे सानियाचा तो विजय आपल्यापैकी कोणी टीव्हीवर पाहिला असेल, तर जाळीच्या पलीकडे उभी असलेली कार्लाही पाहिली आहे. फक्त तेव्हा आपलं लक्ष तिच्याकडे नव्हतं.

निरोप ठरला, आणि आजार आला

डिसेंबर २०१९ मध्ये कार्लानं जाहीर केलं की २०२० हे तिचं खेळातलं शेवटचं वर्ष. सगळ्या मैदानांवर एकदा खेळायचं, टोकियोचं ऑलिम्पिक खेळायचं आणि थांबायचं, असा बेत होता. मग करोना आला. स्पर्धा महिनोन्महिने बंद राहिल्या, ऑलिम्पिक एक वर्ष पुढे गेलं. खेळ पुन्हा सुरू झाला तोवर कार्लाला बरं वाटेनासं झालं होतं. तिनं न्यूयॉर्कच्या स्पर्धेतून माघार घेतली आणि तपासण्या करून घेतल्या. १ सप्टेंबर २०२० ला, बत्तिसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, तिनं स्वतः लोकांना सांगितलं: मला हॉजकिन लिम्फोमा आहे, सुरुवातीच्या टप्प्यात कळला आहे, सहा महिने केमोथेरपी घ्यावी लागेल.

हा आजार काय आहे, ते दोन मिनिटांत सांगतो, कारण तो आपल्याकडेही होतो. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला माहीत आहे. तशा बारीक गाठी मान, काख, जांघ, छाती, पोट अशा सगळीकडे असतात. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे असतात. त्या पेशींचाच कॅन्सर होतो, त्याला लिम्फोमा म्हणतात. त्यातला एक प्रकार थॉमस हॉजकिन या इंग्लंडच्या डॉक्टरनं १८३२ मध्ये पहिल्यांदा नीट लिहून ठेवला, म्हणून त्याचं नाव लागलं. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ येते, ती बहुतेक वेळा दुखत नाही. कधी कधी बारीक ताप राहतो, रात्री घामानं कपडे भिजतात, वजन घटतं, अंगाला खाज सुटते.

दुखत नाही, हीच यातली फसवी गोष्ट आहे. दुखलं तरी आपण अंगावर काढतो, मग न दुखणाऱ्या गाठीकडे कोण बघतं? सोयाबीन निघू दे, लग्न उरकू दे, पोरांची परीक्षा होऊ दे. मैत्रिणींनो, गाठ म्हणजे कॅन्सरच असं मुळीच नाही. साध्या जंतुसंसर्गानं गाठ येते, टीबीनंही मानेत गाठी येतात आणि टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण कशाची गाठ आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही. गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तीस वर्षांपुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची कॅन्सर तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताईंना विचारा, त्या सांगतील. केमोथेरपीचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. हॉजकिन हा कॅन्सर वेळेवर कळला तर बहुतेक जणांचा बरा होतो. कार्लाचाही झाला.

जागा राखली, सूट दिली नाही

उपचार चालू असतानाच ती जमेल तशी रॅकेट हातात घेऊ लागली होती. एप्रिल २०२१ मध्ये तिनं सांगितलं की ती बरी झाली आहे. आता विचार करा. निवृत्तीचा निर्णय आधीच झालेला. वय ३२. अंगात केमोचा थकवा. जगात सहावी येऊन गेलेली. "राहू दे आता" असं ती म्हणाली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण कार्लाला मैदानावर उभं राहून निरोप घ्यायचा होता. आजारानं बाहेर काढलं म्हणून बाहेर पडायचं नव्हतं.

पण परत यायचं कसं? बावन्न आठवड्यांचा हिशेब आठवतोय ना? इतके महिने न खेळलेल्या बाईला मोठ्या स्पर्धेत घेणार कोण?

तिथे एक नियम आहे. आजारपण, दुखापत किंवा बाळंतपण यामुळे खेळाडूला बराच काळ बाहेर राहावं लागलं, तर ती थांबली तेव्हाचा तिचा क्रमांक राखून ठेवतात. परत आली की ठरावीक स्पर्धांमध्ये त्या जुन्या क्रमांकावर तिला प्रवेश मिळतो. तिनं विनवण्या करायच्या नाहीत, कोणी उपकार करायचे नाहीत. नियमच तसा आहे. त्या नियमानं कार्ला परत आली.

पण या नियमाची दुसरी बाजूही ऐका. जागा राखली, म्हणजे आत यायचं दार उघडं ठेवलं. सोपे सामने दिले नाहीत. समोर कोण येईल ते चिठ्ठीवर. पॅरिसला पहिल्याच सामन्यात तिच्यासमोर आली अमेरिकेची स्लोन स्टीफन्स, न्यूयॉर्कची स्पर्धा जिंकलेली. महिनोन्महिने सामना न खेळलेल्या कार्लानं पहिला सेट ६-३ असा घेतला. दुसरा सेट टायब्रेकपर्यंत नेला आणि तो गेला. तिसरा ६-४ असा गेला. हरली, पण समोरचीला घाम फोडून हरली.

मग जूनच्या शेवटी विम्बल्डन. चिठ्ठीत समोर आली ऑस्ट्रेलियाची ॲश बार्टी, जगात पहिल्या क्रमांकावरची. पहिला सेट ६-१ असा बार्टीचा. दुसरा कार्लानं टायब्रेकमध्ये जिंकला. तिसरा पुन्हा बार्टीनं ६-१ असा घेतला, आणि पुढे त्या वर्षीची स्पर्धाही बार्टीनंच जिंकली. सामना संपल्यावर सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि त्या टाळ्या हरलेल्या बाईसाठी होत्या.

टोकियोचं ऑलिम्पिकही तिनं गाठलं. तिथे पहिल्या फेरीत ट्युनिशियाच्या ओन्स जाबेरला तिनं ६-४, ६-१ असं हरवलं. जाबेर तेव्हा चांगल्या भरात होती, पदक आणेल अशी तिच्याकडून आशा होती. कार्ला पुढची फेरी हरली, पण एक सामना जिंकून हरली. न्यूयॉर्कला जाऊन आली. शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये प्राग शहरात बिली जीन किंग चषक झाला. ही देशादेशांच्या महिला संघांची स्पर्धा आहे. तिथे स्पेनच्या संघातल्या मैत्रिणींबरोबर राहून कार्लानं खेळ थांबवला. पुढे त्याच संघाची कर्णधार म्हणून तिची नेमणूक झाली. या स्पर्धेत कर्णधार सहसा स्वतः खेळत नाही, मैदानाच्या कडेला बसून खेळणाऱ्या मुलींना धीर देते आणि सल्ला देते.

परत आल्यानंतरच्या त्या काही महिन्यांत तिनं एकही स्पर्धा जिंकली नाही. जिंकायला ती आलीच नव्हती. आपलं काम आपल्या हातानं संपवायला आली होती.

आमच्या बैठकीत काय झालं

एवढं ऐकून झाल्यावर बैठकीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "त्या परक्या बायांनी आजारी बाईची जागा राखली, आणि आपण तिचा दंड मोजत बसलो."

मग खरी चर्चा झाली, आणि सोपी नव्हती. एकजण म्हणाली, आजारपणाला दंड माफ केला तर उद्या प्रत्येकीचं डोकं दुखेल. हेही खरंच आहे. बैठक नियमित नसेल तर गट मोडतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. दुसरी म्हणाली, बचतीचं काय? बाईनं आठ महिने बचत भरली नाही, मग इतरांनी का भरायची? बोलता बोलता कार्लाच्याच गोष्टीतून वाट निघाली. जागा राखायची, पण सूट नाही. शेवटी असं ठरलं, आणि इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले:

मोठं आजारपण, ऑपरेशन किंवा बाळंतपण असेल आणि दवाखान्याचा कागद असेल, तर त्या काळातल्या गैरहजेरीचा दंड लागणार नाही. त्या काळातली बचत माफ नाही, पण बरी झाल्यावर हप्त्यानं भरता येईल. कर्ज चालू असेल तर परतफेडीची मुदत किती वाढवायची ते गट बैठकीत ठरवील. तिच्याकडे जबाबदारी असेल तर दुसरी बाई ती फक्त सांभाळेल, आणि परत आल्यावर तिला विचारल्याशिवाय पद बदलायचं नाही. आणि आजारी बाईच्या घरी महिन्यातून एकदा गटातली कोणीतरी जाऊन येईल. काय हवं-नको ते बघायला जायचं, वसुलीला नाही.

ताई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "वही कुठाय?" वही तिच्यासमोर ठेवली. पहिल्या दिवशी बेरजेत वीस रुपयांचा फरक आला. तिची जागा सांभाळणारी पोर पटकन पुढे झाली, "मी करते, काकू." ताई म्हणाली, "थांब. माझं मला सापडू दे." तिनं दोनदा बेरीज केली आणि तिसऱ्यांदा फरक सापडला. एका बाईचा हप्ता दोनदा लिहिला गेला होता.

पुढे सात महिने तिनं वही लिहिली. आठ महिन्यांची राहिलेली बचत भरून टाकली. त्या पोरीला शेजारी बसवून हिशेब शिकवला. मग लेकाकडे जायचा दिवस ठरला, तेव्हा शेवटच्या बैठकीत तिनं स्वतः वहीत लिहिलं की आजपासून हिशेब अमुक बाईकडे, आणि खाली सही केली. टाळ्या वाजल्या. ती गेली ती असं वही मिटून, सही करून.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाची नियमावली या आठवड्यात एकदा काढून वाचा. दंडाची कलमं सगळ्यांना पाठ असतात. आजारी पडलेल्या बाईबद्दल त्यात काय लिहिलंय ते शोधा. काहीच सापडलं नाही, तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आरोग्य हे आपल्या दशसूत्रीतलं एक सूत्र आहेच. आणि बैठकीत येणं अचानक बंद झालेली, "आता कशाला" असं म्हणणारी एखादी बाई तुमच्या गटात असेल, तर ठराव होईपर्यंत थांबू नका. आजच तिच्या घरी जा. मानेत, काखेत गाठ आहे का, ताप येतो का, हेही विचारा. आणि निघताना सांगा की तुझी सतरंजीवरची जागा आम्ही कोणाला दिलेली नाही.

तुम्ही काय ठरवलंत ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात तुमचे ठराव वाचून दाखवू. तोवर, रामराम.